दोन लाखांत वीस : पॅपची स्लाइड वाचणाऱ्या यंत्रांची सत्तर वर्षं

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे काही जण मला त्यांचे कच्चे प्रस्ताव वाचायला पाठवतात. त्यात एक विषय हमखास असतो : मायक्रोस्कोपखालच्या नमुन्यातल्या कॅन्सरच्या मोजक्या पेशी संगणकाकडून शोधून घ्यायच्या. विषय चांगलाच आहे, मी स्वतः त्याच्या शेजारच्या विषयावर काम करते. पण या प्रस्तावांमधलं लिटरेचर रिव्ह्यूचं प्रकरण बहुधा २०१२ च्या आसपास सुरू होतं, म्हणजे डीप लर्निंगची लाट आली तिथून. त्याआधी जणू कुणी या प्रश्नाकडे पाहिलंच नव्हतं.

प्रत्यक्षात संगणक हा शब्द घरोघरी पोहोचायच्या कितीतरी आधीपासून लोक हे यंत्र बनवत होते. पहिलं यंत्र १९५० च्या दशकातलं आहे. ते फसलं, आणि का फसलं हे समजून घेतलं तर तुमच्या प्रस्तावातला 'अचूकता ९८ टक्के' हा आकडा तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल. म्हणून आज अल्गोरिदम बाजूला ठेवून इतिहास सांगते.

आधी नमुना कसा असतो ते बघू. गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या पेशी हलकेच खरवडून काचेच्या स्लाइडवर पसरवायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. हाच पॅप स्मिअर. हे नाव जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्यावरून पडलं. जन्म ग्रीसमधला, १९१३ साली ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गिनीपिगच्या ऋतुचक्रावर काम करू लागले. कॅन्सरचा तिथे काही संबंध नव्हता. पुढे त्यांनी माणसाच्या पेशी बघायला सुरुवात केली, आणि त्यांची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षं त्यांना स्वतःचे नमुने देत राहिली. (संशोधनाच्या इतिहासात अशा बायकांची नावं तळटीपेतसुद्धा येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.) १९२८ साली त्यांनी कॅन्सरच्या पेशी अशा नमुन्यात दिसतात हे एका परिषदेत मांडलं. त्याच सुमाराला बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं होतं. दोघांकडेही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबरचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक आल्यावर मात्र वैद्यकाने ही पद्धत उचलून धरली.

इथून खरी अडचण सुरू झाली. एका पारंपरिक स्लाइडवर पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत पेशी असू शकतात. त्यातल्या बिघडलेल्या पेशी कधी हजारो, कधी वीस-पंचवीस, कधी त्याहूनही कमी. किलोभर तांदळात साधारण चाळीस-पन्नास हजार दाणे येतात. म्हणजे एक स्लाइड वाचणं म्हणजे चार-पाच किलो तांदूळ दाणा-दाणा बघून निवडणं, आणि त्यातला खडाही पांढराच असणं. घरी दळण निवडताना पहिल्या ताटाला लक्ष असतं, पाचव्या ताटाला डोळे नुसते फिरत असतात. स्लाइड वाचणाऱ्या तंत्रज्ञांचं तेच होतं. त्यातून बहुतेक स्लाइड पूर्ण निरोगी असतात, म्हणजे बऱ्याच ताटांत खडाच नसतो. आणि एखादा खडा सुटला, तर एका बाईचा आजार कळायला पुढची काही वर्षं निघून जातात.

तेव्हा हे काम यंत्राला द्यावं असं वाटणं स्वाभाविकच होतं.

पहिलं यंत्र, आणि त्याची हार

यंत्राला पेशी 'दिसणं' शक्य आहे, हे दोन ठिकाणांहून पुढे आलं होतं. स्टॉकहोममध्ये टॉर्ब्यॉर्न कॅस्परसन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की पेशी अतिनील प्रकाश किती शोषते यावरून तिच्यातलं न्यूक्लिक आम्ल मोजता येतं. म्हणजे 'केंद्रक गडद दिसतंय' हे वाक्य आकड्यात सांगता येतं. दुसरीकडे १९५१ साली लंडनमध्ये जे. झेड. यंग आणि एफ. रॉबर्ट्स यांनी टीव्हीच्या नळीतला सरकता प्रकाशबिंदू मायक्रोस्कोपला जोडून नमुन्याचं चित्र विद्युत-संकेतात आणलं.

या दोन गोष्टी एकत्र येऊन जे उभं राहिलं ते सायटोअॅनालायझर. न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला गावात एअरबोर्न इन्स्ट्रुमेंट्स लॅबोरेटरी नावाची कंपनी होती. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्या शोधायची उपकरणं बनवणाऱ्या गटात होती. अथांग समुद्रात एखादी पाणबुडी शोधणारे लोक आता दोन लाख पेशींत एक शोधायला बसले. वॉल्टर टोल्स यांनी १९५५ मध्ये या यंत्राबद्दल लिहिलं. यंत्र प्रत्येक केंद्रकाच्या दोनच गोष्टी मोजायचं : आकार किती आणि गडदपणा किती. मोठं आणि गडद केंद्रक म्हणजे संशय. चित्र साठवायला स्मृती नव्हती, निर्णय सर्किटमध्येच व्हायचा.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या चाचण्या झाल्या, आणि यंत्र चाललं नाही. कॅन्सरच्या पेशी त्याला अगदीच दिसत नव्हत्या असं नाही. त्याला कॅन्सर जिथे-तिथे दिसत होता. एकमेकींवर चढलेल्या दोन निरोगी पेशी, पांढऱ्या पेशींचा गठ्ठा, रंगाचा डाग, धुळीचा कण, हे सगळंच त्याच्या लेखी मोठं आणि गडद केंद्रक होतं. खोट्या इशाऱ्यांचा एवढा पूर आला की सगळ्या स्लाइड पुन्हा माणसानेच बघायच्या असतील तर यंत्र कशाला, असा प्रश्न उभा राहिला.

आता जरा कागद-पेन घ्या. हा हिशेब माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो दहावीच्या गणितात बसतो.

समजा तुमचा वर्गीकारक निरोगी पेशींपैकी ९९.९ टक्के पेशी बरोबर ओळखतो. हजारात एकच चूक. कोणत्याही परिषदेत टाळ्या पडाव्यात असा आकडा. आता दोन लाख निरोगी पेशींची स्लाइड त्याच्याखाली ठेवा. चुका किती? दोनशे. आजारी बाईच्या स्लाइडवर समजा वीस बिघडलेल्या पेशी आहेत आणि तुम्ही त्या वीसही पकडल्या, म्हणजे इशारे झाले दोनशेवीस. निरोगी स्लाइडवर दोनशे, आजारी स्लाइडवर दोनशेवीस. आणि निरोगी स्लाइडवरचे दोनशे काही नेमके दोनशे नसतात. निव्वळ योगायोगानेच ते चौदा-पंधराने कमी-जास्त होतात. शिवाय एका स्लाइडवर पेशीच पन्नास हजार आणि दुसऱ्या स्लाइडवर तीन लाख. थोडक्यात, दोन्ही स्लाइड तुम्हाला वेगळ्या सांगताच येणार नाहीत.

मग किती अचूक असायला हवं? दहा लाख पेशींत एकच चूक करणारा वर्गीकारक घेतला तर एका स्लाइडमागे सरासरी ०.२ खोटे इशारे येतात. म्हणजे शंभर निरोगी स्लाइडपैकी साधारण अठरा तरीही संशयित ठरतात. ९९.९९९९ टक्के अचूकता, आणि एवढं करून निरोगी बायकांपैकी जवळजवळ पाचातल्या एकीला उगाच घोर. हा हिशेबसुद्धा चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून केलाय. खऱ्या स्लाइडवर तसं नसतं. एक स्लाइड वाईट रंगली की तिच्यावर चुकांचा ढीग लागतो.

सायटोअॅनालायझरच्या लोकांच्या हाती दोन गुणधर्म आणि काही व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ते हरले यात नवल नाही. नवल याचं वाटतं की हा हिशेब अजूनही प्रस्तावांत दिसत नाही.

वाट सोडून गेलेले

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मला सगळ्यात आवडतात, कारण मूळ प्रश्न कुणाला सुटला नाही, पण त्याच्या नादात जे हाती लागलं ते तुम्ही रोज वापरता.

पायथनमध्ये किंवा मॅटलॅबमध्ये कडा शोधायला 'प्रिविट' फिल्टर वापरला असेल ना? त्या ज्युडिथ प्रिविट. त्यांनी आणि मॉर्टिमर मेंडेलसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सायडॅक नावाच्या यंत्राने पेशींची चित्रं आकड्यांत उतरवली. १९६६ चा त्यांचा शोधनिबंध रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर आहे. चित्रातल्या करड्या छटांचा हिस्टोग्राम काढला तर त्यात पार्श्वभूमी, पेशीद्रव्य आणि केंद्रक यांचे वेगवेगळे उंचवटे दिसतात, आणि त्यांच्यामधल्या दऱ्यांत रेघ मारली की पेशीचे भाग सुटे होतात. आज 'थ्रेशोल्डिंग' म्हणून दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतात त्याची सुरुवातीची वापरणी ही अशी, पेशींवरची. मूळ निबंध मिळवून जरूर वाचा. भाषा साधी आहे, आणि कोणती गोष्ट का मोजली याचं कारण प्रत्येक वेळी दिलंय. हल्लीच्या निबंधांत हे कारण बरेचदा गायब असतं.

दुसरे, आयबीएमच्या वॉटसन प्रयोगशाळेतले लुई कॅमेंट्स्की. त्यांनी विचार केला की चित्र काढायचंच कशाला? पेशी द्रवात सोडा, त्यांची रांग लावून प्रकाशाच्या झोतासमोरून पळवा आणि प्रत्येकीने किती प्रकाश शोषला, किती विखुरला ते मोजा. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'सायन्स' नियतकालिकात ते यंत्र मांडलं. सेकंदाला शेकडो पेशी. उद्देश गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाळणी हाच होता. तो काही साधला नाही, पण त्याच वर्षी लॉस अलामॉसमध्ये मॅक फुलवायलर यांनी पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवलं, आणि या दोन कामांतून पुढे फ्लो सायटोमेट्री उभी राहिली. एचआयव्हीच्या रुग्णाचा सीडी-४ काउंट ज्या यंत्रावर होतो, त्याच्या पणजोबाला शोधायची होती पॅपच्या नमुन्यातली पेशी.

बाकी यादी मोठी आहे. जपानमध्ये तोशिबाचं सायबेस्ट, नेदरलँड्समध्ये लायडनचं लेटास, स्वीडनमध्ये उप्सालाचा डायास्कॅनर, शिकागोत टिकास. प्रत्येकाची गोष्ट थोडीफार सारखीच : प्रयोगशाळेत निकाल उत्तम, दवाखान्यात वेग कमी आणि खर्च जास्त. एक छोटा हिशेब केलात तर कारण कळेल. स्लाइडवरचा पसरलेला भाग २५ बाय ५० मिलिमीटर धरा आणि अर्ध्या मायक्रॉनला एक पिक्सेल घ्या. पाचशे कोटी पिक्सेल होतात, एका बाईच्या एका स्लाइडचे. त्या काळच्या संगणकाची स्मृती किलोबाइटमध्ये मोजायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच जणांनी हात टेकले होते.

मग चक्र फिरलं ते एका बातमीमुळे. २ नोव्हेंबर १९८७ ला 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये वॉल्ट बोग्डानिच यांनी अमेरिकेतल्या पॅप तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं वाभाडं काढलं. तंत्रज्ञांना स्लाइडमागे पैसे, त्यामुळे जितक्या जास्त स्लाइड तितकी कमाई, आणि सुटलेल्या कॅन्सरची किंमत बायकांनी जिवाने मोजलेली. पुढच्या वर्षी या बातमीदारीला पुलित्झर मिळालं आणि १९८८ मध्येच कायदा झाला. एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत जास्तीत जास्त शंभर स्लाइड बघायच्या, आणि निरोगी ठरलेल्यांपैकी किमान दहा टक्के पुन्हा तपासायच्या, अशी बंधनं आली.

शंभरची मर्यादा आली आणि एका रात्रीत यंत्राला बाजार मिळाला. तंत्रज्ञान तेच होतं, माणसाचा तास महाग झाला होता. संशोधनाला दिशा कोण देतं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशी दोन यंत्रं मान्य केली, पॅपनेट आणि ऑटोपॅप. त्यांतलं पॅपनेट मला जास्त शहाणं वाटतं. त्याच्यात न्यूरल नेटवर्क होतं (हो, १९९५ साली!), पण ते निदान करतच नव्हतं. स्लाइडवरच्या सगळ्यात संशयास्पद १२८ जागा निवडून तो पडद्यावर मांडायचा आणि निर्णय माणसाकडे सोडायचा. वर केलेला हिशेब आठवा. खोटे इशारे टाळणं अशक्य असेल तर त्यांची संख्या आधीच ठरवून टाका, स्लाइडमागे १२८, आणि ते माणसाला पटकन निस्तरता येतील असे समोर ठेवा. चार-पाच किलो तांदळातून यंत्राने मूठभर दाणे काढून द्यायचे, खडा की दाणा ते आजीने ठरवायचं. कल्पना इतकी चांगली होती, तरी कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तपासणीचा खर्च वाढत होता, आणि जास्तीच्या सापडलेल्या रुग्णांसाठी तो कुणी द्यायचा हे ठरत नव्हतं.

ऑटोपॅपने दुसरी बाजू धरली. १९९८ मध्ये त्याला जी परवानगी मिळाली तिच्यात सगळ्यात कमी संशयाच्या साधारण पंचवीस टक्के स्लाइड माणसाने न बघताच निरोगी म्हणून बाजूला काढायची मुभा होती. म्हणजे खडा शोधू नका, खडा नक्की नसलेलं ताट ओळखा. प्रश्न उलटा केला की तो सोपा होतो, याचं हे उत्तम उदाहरण.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी मजल मारली ती अल्गोरिदमने नव्हे, नमुना तयार करण्याच्या पद्धतीने. १९९६ मध्ये थिनप्रेप मान्य झालं. पेशी काचेवर फासण्याऐवजी द्रवात घ्यायच्या, रक्त आणि श्लेष्मा वेगळा करायचा आणि पेशींचा एक पातळ थर एका छोट्या गोलात बसवायचा. एकावर एक चढलेल्या पेशी कमी झाल्या, क्षेत्रफळ घटलं. २००३ मध्ये त्यावर आधारित इमेजिंग यंत्र आलं. त्यात डीएनएच्या प्रमाणात गडद होणारा रंग वापरला, म्हणजे गडदपणा खरोखर मोजता यावा. ते यंत्र प्रत्येक स्लाइडवरच्या बावीस जागा माणसाला दाखवतं. सायटोअॅनालायझर ज्या गोष्टींवर आपटलं होतं, त्या पुष्कळशा गोष्टी प्रयोगशाळेतल्या बाटलीने आणि गाळणीने सोडवल्या. आपण संगणकवाले हे मानायला तयार नसतो. पण तुमचा प्रस्ताव लिहिताना रंग आणि नमुन्याच्या तयारीवर निदान दोन पानं तरी द्या.

मग अखेर प्रश्न सुटला का? ब्रिटनमध्ये याची नीट परीक्षा झाली. मॅव्हरिक नावाच्या यादृच्छिक चाचणीत ७३ हजारांहून जास्त नमुने घेतले आणि यंत्राच्या मदतीने वाचणं विरुद्ध पूर्ण माणसाने वाचणं अशी तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला. यंत्राच्या मदतीने काम ६० ते ८० टक्क्यांनी वाढलं, पण गंभीर विकृती शोधण्यात ती पद्धत माणसापेक्षा तुलनेने ८ टक्क्यांनी कमी पडली. संशोधकांनी यंत्र घ्या असं सुचवलं नाही. पन्नास वर्षांच्या खटाटोपानंतरचा हा निकाल वाचताना वाईट वाटतं खरं, पण चाचणी कशी आखावी हे शिकायचं असेल तर हा निबंध हाताशी ठेवा.

उस्मानाबादचा आकडा

आता आपल्याकडे या. वरची सगळी गोष्ट एका गृहीतकावर उभी होती : कॅन्सर शोधायचा तर बिघडलेली पेशी शोधली पाहिजे. त्या गृहीतकाला धक्का देणारं एक फार मोठं काम मराठवाड्यात झालं.

ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. गावांच्या गटांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं चार भागांत वाटलं. एका भागात पेशींची तपासणी, म्हणजे पॅप. एका भागात व्हिनेगरसारखं सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघणं. एका भागात एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची चाचणी. चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही असतो, हे तोवर नक्की झालं होतं.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. गट साधारण सारख्या आकाराचे, ३४ हजार आणि ३१ हजार बायकांचे. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पेशींच्या तपासणीच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, आणि हे काम चांगल्या प्रशिक्षित लोकांनी केलं होतं.

हे वाचून थोडा वेळ थांबा. शिकागो, तोशिबा, उप्साला, सगळ्यांनी पेशी शोधायला यंत्र बनवली, आणि बार्शीच्या आसपासच्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांतून उत्तर आलं की कित्येक ठिकाणी पेशी शोधायचीच गरज नाही, विषाणू शोधा. नंतर नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशांनी २०१७ ते २०१९ च्या काळात पहिली चाळणी एचपीव्हीवर नेली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच शिफारस केली. मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या चाचणीत तर आरोग्यसेविकांनी अॅसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निबंध २०१४ चा. तिथे संगणकाचा काही संबंधच नव्हता.

इकडे आपल्या देशात ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ऐंशी हजार त्याने जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी याची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. म्हणजे आपल्याकडे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांची स्लाइड बनतच नाही. न बनलेली स्लाइड कुठलंच नेटवर्क वाचू शकत नाही. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात 'भारतात तज्ज्ञांची कमतरता असल्याने स्वयंचलित वाचनाची गरज' असं लिहिण्याआधी हा आकडा समोर ठेवा. तज्ज्ञांची कमतरता खरी आहे, पण अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

याचा अर्थ विषय सोडा असा नाही. त्याची जागा बदलली आहे, एवढंच. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने तिथल्या प्रादेशिक कर्करोग केंद्राबरोबर सर्व्हिस्कॅन नावाची प्रणाली बनवली, आणि उप्सालाच्या गटाचंही त्यांच्याशी काम झालं. त्यातली एक कल्पना मला फार आवडते. दुर्मिळ पेशी शोधायचीच नाही! शेजारी विकृती असेल तर निरोगी दिसणाऱ्या पेशींच्या केंद्रकाच्या पोतातही सूक्ष्म बदल होतात, असं १९५० च्या दशकापासून मांडलं जातंय. मग हजारो साध्या पेशींच्या मोजमापातून ते बदल पकडायचे. खडा न शोधता तांदळाचा वास घेण्यासारखं. मोजलेला बदल रंगाचा आहे की आजाराचा हे सांगणं अवघड, म्हणून वादही बरेच आहेत. पण वाद आहेत तिथेच पीएचडीला जागा असते.

तुमच्यातले बरेच जण हर्लेव्हचा डेटासेट वापरणार आहात, म्हणून तेही सांगते. डेन्मार्कमधल्या हर्लेव्ह रुग्णालयात तयार झालेल्या या संचात एकेका पेशीची ९१७ चित्रं आहेत. त्यातली ६७५ बिघडलेल्या पेशींची, २४२ निरोगी. म्हणजे या संचात चारातल्या तीन पेशी आजारी, आणि खऱ्या स्लाइडवर दोन लाखांत वीस. डोळे मिटून प्रत्येक चित्राला 'बिघडलेली' म्हटलं तरी हर्लेव्हवर ७३ टक्क्यांहून जास्त अचूकता मिळते. शिवाय चित्रं एकेका पेशीची, व्यवस्थित कापलेली. चढलेल्या पेशी, गठ्ठे, धूळ, ज्यांनी सायटोअॅनालायझरला हरवलं, ते सगळं तिथे बहुतेक आधीच दूर झालंय. या संचावर सराव करा, कोड तपासा, पण त्यावरच्या ९९ टक्क्यांतून दवाखान्याबद्दल काही सांगू नका. निदान तोंडी परीक्षेत तरी.

मग काम कुठे करायचं? एचपीव्ही चाचणीत विषाणू सापडलेल्या सगळ्याच बायकांना कॅन्सर होत नाही. बहुतेकींचा संसर्ग आपोआप जातो. त्यातल्या कुणाला पुढच्या तपासणीला बोलवायचं हे ठरवायला पुन्हा पेशीच बघाव्या लागतात. इथे हिशेब एकदम बदलतो. समजा हजार बायकांत गंभीर विकृती आठ जणींना आहे. हजारांवर सरळ यंत्र लावलंत तर शंभरात एकसुद्धा रुग्ण नाही. पण विषाणूच्या चाचणीने शंभर जणी निवडल्या आणि आठांपैकी सात त्यांत आल्या, तर यंत्रासमोर आता शंभरात सात आहेत. त्यातही पी-१६ आणि केआय-६७ या दोन प्रथिनांचा दुहेरी रंग वापरला, तर दोन्ही रंग एकाच पेशीत दिसणं हीच खूण ठरते, आणि नुसत्या गडदपणापेक्षा ती यंत्राला कितीतरी स्पष्ट दिसते. अशा स्लाइड डीप लर्निंगने वाचण्यावर २०२१ पासून गंभीर काम प्रसिद्ध होतंय. आपल्याकडे मात्र हा रंग महाग आहे आणि विषाणूची चाचणीही अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. स्वस्त रंगावर, जिल्हा रुग्णालयातल्या साध्या मायक्रोस्कोपवर, विषाणू सापडलेल्या बायकांच्या स्लाइड वाचता येतील का, हा प्रश्न मोकळा आहे. कुणाला यावर सिनॉप्सिस लिहायचा असेल तर आधी एखाद्या सायटोलॉजीच्या प्रयोगशाळेत आठवडाभर बसून तिथली स्लाइड रंगवायला शिका, आणि मग मला मसुदा पाठवा.